खर्जाची तार

शाळेच्या अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं. 'आपल्या क्षेत्रातील वाटचालीविषयी लिहावे' असं त्यात होतं. लिहायला बसलो आणि बाईच समोर आल्या. आपल्या संगीताच्या बाई.

१९७३ साली, आठवीत, माझा आवाज फुटला. प्रार्थनेला पहिल्या रांगेत उभा राहणारा मी. बाईंनी मला संमेलनाच्या समूहगीतातून बाजूला केलं. जिन्याखाली बसून खूप रडलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेचा तानपुरा माझ्या मांडीवर ठेवला. "बाकीचे गातील. तू त्यांना सा द्यायचास."

संमेलनाच्या दिवशी पडदा उघडायच्या जरा आधी तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार उतरली. पाहुणे येऊन बसलेले, मुख्याध्यापक विंगेत घड्याळ बघत उभे. बाईंनी हातात घेतला असता तर तानपुरा मिनिटात लागला असता. त्या माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तूच लाव. आधी ऐक, मग पीळ." खुंटी फिरवली तर तार जास्तच चढली. पुन्हा उतरवली, पुन्हा चढवली. शेवटी तारेत ओवलेला मणी केसभर सरकवला तेव्हा खर्ज बोलला. दहा मिनिटं गेली असतील. तेवढ्या वेळात बाई एकदाही 'आटप' म्हणाल्या नाहीत.

दहावीनंतर त्याच मला धोबीतलावला एका गोवेकर वादकांकडे घेऊन गेल्या. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून लहानपणीच नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर वाचणं, शिकून आलेली ही मंडळी. मुंबईच्या सिनेसंगीतातला तंतुवाद्यांचा ताफा बराचसा त्यांच्याच जिवावर उभा होता. मी गेलो होतो व्हायोलिन शिकायला. त्यांनी कोपऱ्यातला चेलो, म्हणजे व्हायोलिनचा खालच्या सुरांचा थोरला भाऊ, घेतला, सगळ्यात जाड तारेवरून गज ओढला, आणि तो स्वर मला पोटात जाणवला. बाईंनी सांभाळायला दिलेला खर्जच तो! चेलोच्या शेजारशेजारच्या तारांत षड्ज-पंचमाचं, म्हणजे सा ते प एवढं, अंतर असतं, ते माझ्या कानात आधीच बसलेलं होतं. नोटेशन वाचायला मात्र तीन वर्षं घाम गाळला.

पुढे सिनेमाच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ: ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब. पन्नास-साठ वादक एकत्र बसायचे. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आर. डी. बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती स्वतः चेलोवादक होते, याचा आम्हा चेलोवाल्यांना केवढा अभिमान! गाणं ऐकणाऱ्याला चेलो बहुधा वेगळा कळत नाही. तो गाणाऱ्याच्या खाली लांब स्वर धरून असतो. हे काम मी आठवीतच शिकलो होतो. नव्वदच्या दशकात कीबोर्डने आमची कामं खाल्ली, तेव्हा शिकवण्या करून घर चालवलं. २००६ साली मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा पाश्चात्त्य संगीताचा वाद्यवृंद उभा राहिला. मी श्रोत्यांत होतो. मंचावरची चेलोंची रांग पाहून डोळे भरून आले.

बाई निवृत्त झाल्यावर एकदा चेलो घेऊन त्यांच्या घरी गेलो. जर्मन संगीतकार बाखने एकट्या चेलोसाठी सहा सुइट्स, म्हणजे छोट्या रचनांचे संच, लिहिले. त्यांची प्रत पुढे थोर चेलोवादक झालेल्या, तेव्हा तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सला बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात सापडली आणि मग वर्षानुवर्षं रियाज करून त्याने ते जगापुढे आणले, हे बाईंना सांगितलं. पहिल्या सुइटचा प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, वाजवला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "खालची तार किंचित उतरलीय रे." खरंच उतरली होती. मी ती लावली आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं.

गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. संगीताचा तास आता वेळापत्रकात नाही. तानपुरा कार्यालयातल्या काचेच्या कपाटात आहे, ढालींच्या मागे. दोन तारा तुटलेल्या, उरलेल्या गंजलेल्या. ते बघवलं नाही.

समितीला एक विनंती आहे. माझा सत्कार नको. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कपाटाची किल्ली अर्धा तास माझ्याकडे द्या. तारा मी घेऊन येतो. आणि आठवीतलं एखादं मूल शेजारी बसायला पाठवा. खर्ज त्यालाच लावू दे.