लक्झेंबर्गची पानं: 1956 पाशी अडकलेली गाडी

पावसाळ्याच्या आत माझ्या तिकीटसंग्रहातली लक्झेंबर्गची सोळा पानं लावून संपवायची, असं मार्चमध्ये ठरवलं होतं. जुलै अर्धा सरला, लागली बारा. तेराव्या पानावर तीन चौकटी रिकाम्या आहेत. त्या का रिकाम्या आहेत हे सांगायलाच आज बसलोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. विषय आहे आंतरराष्ट्रीय संस्था आणि चळवळी, पण एकाच छोट्या देशाच्या तिकिटांवरच्या. सुरुवात बाबांच्या जुन्या अल्बममुळे झाली. त्यात भारताचा 1949 चा सेट होता, जागतिक टपाल संघाच्या पंच्याहत्तरीचा, चार तिकिटांचा. त्याच निमित्ताने लक्झेंबर्गनेही त्याच वर्षी चार काढली : 80 सेंटिम, अडीच, चार आणि आठ फ्रँक. दोन्ही सेट एकाच पानावर समोरासमोर लावले आणि हा देश मनात बसला. 1874 मध्ये बर्नला टपाल संघाचा करार झाला तेव्हा सही करणाऱ्या बावीस देशांत लक्झेंबर्ग होता. भारत 1876 मध्ये आला. या टेबलावर ते आपल्याला दोन वर्षांनी ज्येष्ठ!

आधी सगळं सालवार लावत होतो. ते एप्रिलमध्ये मोडलं. 1955 ची संयुक्त राष्ट्रांच्या दशकपूर्तीची चार, 1959 ची नाटोची दोन, मग युरोपा (युरोपातले देश मिळून काढतात ती मालिका), मग रेड क्रॉस, अशी रांग लावली की पान नीटनेटकं दिसतं पण त्यातून काही कळत नाही. आता दोन भाग केलेत : घरचे आणि पाहुणे. ज्या संस्थेचं बिऱ्हाड लक्झेंबर्गमध्येच आहे ती घरची, बाकीच्या पाहुण्या. वाटतं तितकं हे सोपं नाही. नाटोला पाहुण्यांत बसवून मोकळा झालो होतो, तेवढ्यात लक्षात आलं की तिची सामानपुरवठ्याची एजन्सी साठच्या दशकाच्या शेवटी फ्रान्समधून लक्झेंबर्गच्या कापेलेनला आली. तिकिटं मात्र 1959 ची, म्हणजे तेव्हा पाहुणेच. ठेवली तिथेच. युरोपीय गुंतवणूक बँकेचंही तसंच, ब्रुसेल्सहून ती 1968 मध्ये आली. त्यामुळे नियम केला : तिकीट निघालं त्या दिवशी संस्था कुठे राहत होती तेच धरायचं.

घरच्यांत पहिला मान युरोपीय कोळसा आणि पोलाद समूहाचा. 1951 च्या पॅरिस कराराने सहा देशांनी कोळसा आणि पोलादाचा कारभार एका छत्राखाली आणला, पण कार्यालय कुठे असावं यावर मात्र एकमत होईना. बेल्जियम आपल्या लिएज शहरासाठी अडून बसलेला. जुलै 1952 मध्ये रात्रभर खल झाला, आणि पहाटे सगळे पेंगत असताना लक्झेंबर्गचे परराष्ट्रमंत्री जोसेफ बेश यांनी सुचवलं, की निदान तात्पुरतं काम आमच्याकडे सुरू करा. 10 ऑगस्टला झां मोने यांच्या अध्यक्षतेखाली तिथे पहिली बैठक झाली. ‘तात्पुरतं’ या शब्दाचं सरकारी आयुष्य किती असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. युरोपीय संघाचं न्यायालय आजही त्याच शहरात आहे.

आता माझा गाढवपणा. समूहाच्या स्थापनेला चार वर्षं झाली म्हणून लक्झेंबर्गने 1956 मध्ये तीन तिकिटं काढली : दोन, तीन आणि चार फ्रँक. त्याच वर्षी 15 सप्टेंबरला पहिली युरोपा तिकिटं आली. तीही दोन, तीन आणि चार फ्रँक. 1957 ची युरोपा? पुन्हा दोन, तीन, चार. मे महिन्यात एका विक्रेत्याच्या यादीत ‘लक्झेंबर्ग 1956, 2-3-4 फ्रँक, मिंट, गोंद उत्तम’ अशी ओळ दिसली (मिंट म्हणजे कोरं, न वापरलेलं) आणि किंमत बघून माझा विश्वासच बसेना. युरोपाचा महागडा पहिला सेट इतका स्वस्त! चित्र नव्हतं, कॅटलॉग नंबर नव्हता, विचारायची तसदी मी घेतली नाही. पाकीट आलं, बटरपेपर उघडला, तर आत कोळसा-पोलाद. विक्रेत्याने एक अक्षर खोटं लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून कॅटलॉग नंबर लिहून घेतल्याशिवाय मागणी नोंदवायची नाही, हा घरचा कायदा. तो सेट परत केला नाही. घरच्यांचं पहिलं पान त्याचंच होतं, आणि तो मला हवाच होता. फक्त त्या दिवशी नको होता.

तेराव्या पानाला हवाय तो 1956 च्या युरोपाचा, टॉवरचा सेट. दानिएल गोंझाग यांचं चित्र : युरोपा हा शब्द रोमन अक्षरांत एकावर एक रचून उभा केलेला मनोरा आणि त्याला बांधलेली परांची. इमारत अजून पुरी व्हायचीय, हे सांगायला परांचीपेक्षा चांगलं काय सापडणार? समूहाच्या सहाही देशांनी हेच चित्र छापलं. इतर पाच जणांनी दोन-दोन तिकिटं काढली, लक्झेंबर्गने तीन. बाकीचे पाच देश माझ्याकडे कधीच पूर्ण झालेत, किरकोळीत मिळतात. लक्झेंबर्गचा मिंट सेट मात्र अख्ख्या युरोपा मालिकेतल्या सगळ्यात महाग सेटांपैकी एक. देश छोटा, छपाई त्या मानाने थोडी, आणि पुढे युरोपा जमवणाऱ्यांची फौज उभी राहिली तेव्हा पहिला सेट सगळ्यांनाच हवा झाला. 1958 चा सेट बघा, अडीच, साडेतीन आणि पाच फ्रँक, चहा-वड्याच्या पैशात येतो.

मिंटचा नाद मी सोडला, आणि त्याला फक्त पैसा कारण नाही. एक म्हणजे, जिथे हिंज (तिकीट पानाला चिकटवायची कागदी पट्टी) लावलेलं आणि न लावलेलं यांच्या किमतीत एवढी तफावत असते, तिथे नव्याने गोंद चढवणारे कारागीर असतातच. भिंगाखाली तिकिटाच्या कडेचे दात पाहायचे : मूळ गोंद छिद्रं पाडण्याआधीचा असतो, नंतर चढवलेला दातांच्या टोकांवर उतरून तंतू कडक करतो. हे वाचून माहीत आहे, पण स्वतःच्या नजरेवर एवढे पैसे लावायची माझी तयारी नाही. दुसरं आपलं हवामान. गेल्या ऑगस्टमध्ये साठच्या दशकातला जोडतिकिटांचा एक मिंट ब्लॉक स्टॉकबुकच्या, म्हणजे तिकिटं खोचायच्या वहीच्या, पट्टीला असा चिकटला की सोडवताना मागचा पापुद्राच निघाला. सिलिका जेलच्या पुड्या होत्या, पण मे महिन्यापासून बदललेल्या नव्हत्या. पुस्तकं आता उभी ठेवतो, दाबून भरत नाही, आणि ऊन पडलं की पानं चाळून वारा देतो.

आणि तिसरं, जे मला आधी सुचायला हवं होतं. भाग ‘घरचे’ असा आहे ना? मग लक्झेंबर्ग शहराचा शिक्का बसलेलं वापरलेलं तिकीट तिथे कोऱ्या तिकिटापेक्षा जास्त शोभतं. त्याने त्या गावातून खरा प्रवास केलाय. किंमतही मिंटच्या एका अंशात. तेव्हा तीन चौकटींखालचं ‘मिंट’ खोडून ‘वापरलेले, शहराचा शिक्का’ असं पेन्सिलीने लिहिलं.

बाकीच्या पानांबद्दल घाईत. 1951 चा ‘संयुक्त युरोप’ सेट, सहा तिकिटं, 80 सेंटिमपासून चार फ्रँकपर्यंत, पूर्ण. युरोपा मालिकेच्या पाच वर्षं आधीचा असल्यामुळे त्याला स्वतंत्र पान दिलं. 1960 च्या युरोपाचं चाक लागलं, एकोणीस आऱ्यांचं, युरोपीय टपाल-तार परिषदेच्या एकोणीस संस्थापक देशांसाठी. 1962 चं एकोणीस पानांचं झाड लेक्स वेयर या लक्झेंबर्गच्याच कलाकाराचं, त्या वर्षीच्या युरोपा मालिकेत बऱ्याच देशांनी वापरलेलं. ते घरच्यांत टाकावं का, यावर स्वतःशीच भांडण चालू आहे. 1964 चं बेनेलक्सचं तिकीट बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या तीन देशांचं मिळून लावलंय : राणी युलियाना, राजा बोदुएं आणि ग्रँड डचेस शार्लोट, तीन चेहरे एकाच चौकटीत. 1986 चं रोबेर शूमान शताब्दीचं अजून यायचंय. शूमान जन्माने लक्झेंबर्गच्या क्लाउसेनचे, पुढे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री. त्यांचं काय करायचं ते तिकीट हातात आल्यावर बघू.

परवा एका ओळखीच्या संग्राहक काकांच्या जादा मालातून टॉवरचं चार फ्रँकचं वापरलेलं मिळालं. बदल्यात त्यांना भारताचे दोन जुने ब्लॉक दिले. शिक्का कोपऱ्यात आहे. भिंगातून 15 आणि 9 वाचता येतात, साल दातांबाहेर गेलंय. 15 सप्टेंबर हा या सेटचा पहिला दिवस, आणि लक्झेंबर्गचं पहिलं तिकीट निघालं तेही 1852 च्या 15 सप्टेंबरलाच. एका चौकटीत तिकीट बसलं. दोनचं आणि तीनचं कुणाकडे शहराच्या शिक्क्यासह जादा असेल तर मला 1962 ची झाडं डबल आहेत, भारताची साठच्या दशकातली बरीच आहेत. कॅटलॉग नंबर मात्र लिहाच.