छांग्शा ते कुनमिंग: मी साडेपाच तासात, ते ६८ दिवसांत

चीनमधल्या छांग्शात ऑफिसच्या कामाचे दहा दिवस होते. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, हॉटेल ते फॅक्टरी, फॅक्टरी ते हॉटेल, आणि प्रत्येक जेवणात मिरची. शेवटी चार दिवसांची सुट्टी जोडून घेतली होती आणि कुनमिंगला जायचं ठरवलं होतं, कारण एवढंच की तिथली हवा वर्षभर चांगली असते असं वाचलेलं.

तिकडच्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं. हा माणूस एरवी कामापलीकडे एक शब्द बोलत नाही, फक्त पहिल्या दिवशी मी भारतातून आलेय म्हटल्यावर त्याने डॉ. कोटणीसांचं नाव घेतलं होतं आणि ते आमच्या सोलापूरचे म्हटल्यावर त्याने माझ्याशी हात मिळवला होता. कुनमिंग ऐकल्यावर तो म्हणाला, ट्रेनमध्ये खिडकीची सीट घे, आणि बाहेर बघताना लक्षात ठेव, की हाच रस्ता १९३८ साली विद्यार्थी चालत गेले होते. मग जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तो बोलत राहिला आणि मी पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बघितलं.

झालं होतं असं. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं, बीजिंग पडलं, त्याच महिन्याच्या शेवटी तिआन्जिनच्या नानकाई विद्यापीठावर बॉम्ब टाकले, लायब्ररीसकट. मग बीजिंगची पेइचिंग आणि छिंग्हुआ ही दोन विद्यापीठं आणि नानकाई, अशी तिघं मिळून दक्षिणेला छांग्शात आली आणि नोव्हेंबरमध्ये तिथे वर्ग सुरू केले. डिसेंबरमध्ये नानजिंग पडलं, छांग्शावर विमानं यायला लागली, की पुन्हा बाडबिस्तरा उचला. आता थेट युन्नानमध्ये, देशाच्या दुसऱ्या टोकाला. मुली आणि तब्येतीने नाजूक असलेले बरेचसे हाँगकाँगवरून बोटीने व्हिएतनामला आणि तिथून फ्रेंचांनी बांधलेल्या छोट्या रेल्वेने वर कुनमिंगला गेले. आणि तीनशेच्या आसपास लोक, त्यात अकरा शिक्षक, फेब्रुवारीत छांग्शातून निघाले ते हुनान, ग्वेइचौ, युन्नान असे तीन प्रांत ओलांडत २८ एप्रिलला कुनमिंगला पोचले. ६८ दिवस. थोडा प्रवास बोटीने आणि गाडीने, पण साधारण १,३०० किलोमीटर पायी, गवताच्या चपला, पायाला पट्ट्या, पाठीवर छत्री, रात्री देवळात नाहीतर शाळेत नाहीतर कोणाच्या तरी गोठ्याशेजारी पेंढ्यावर.

हे सगळं डोक्यात घेऊन मी ट्रेनमध्ये बसले. स्टेशनवर पासपोर्टवाल्यांची रांग वेगळी आणि ती हलत नाही, त्यामुळे गाडी जेमतेम मिळाली, पण तो त्रास खिडकीपाशी बसल्यावर विसरले. ग्वेइचौ सुरू झाला की बोगदे सुरू होतात. बोगदा, मग दोन सेकंद हिरवी दरी आणि खाली पायवाटेसारखा रस्ता, की पुन्हा बोगदा. मला सारखं वाटत होतं की गाडी जरा थांबावी. त्या दोन सेकंदांत मी जे बघत होते ते उतरायला आणि चढायला त्या पोरांना अख्खा दिवस लागला असणार, आणि मी ते चिप्स खात बघतेय, हे मनाला लागलं.

सहकाऱ्याने सांगितलेलं एक नाव मी वहीत लिहून घेतलं होतं, ल्यू चाओची. नानकाईचा विद्यार्थी. या पायी तुकडीत वन यीत्वो नावाचे प्राध्यापक होते, मोठे कवी आणि चीनच्या प्राचीन काव्याचे अभ्यासक. त्यांनी निघताना दाढी राखली आणि विजय मिळेपर्यंत काढणार नाही असं ठरवलं, आणि खरंच १९४५ मध्येच काढली. वाटेतली देवळं, पूल, डोंगर ते कागदावर रेखाटत चालले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली या ल्यूने वाटेतली लोकगीतं गोळा करायला घेतली. बाकीचे मुक्कामाला पोचून पाय शेकत असताना हा शेतावर, चहाच्या टपरीवर, शाळेच्या दारात लोकांना थांबवून विचारणार, तुमच्याकडे काय गातात? परका पोरगा, अंगावर सैनिकी कपडे, भाषेचा हेल वेगळा, दिवस युद्धाचे, लोकांना संशय येणारच. तरी त्याने दोन हजारांवर गाणी उतरवून घेतली. त्यातली ७७१ निवडून १९४६ मध्ये पुस्तक निघालं.

पुस्तकाच्या नावातला 'त्साइफंग' हा शब्द मला फार आवडला. 'त्साइ' म्हणजे वेचणं आणि 'फंग' म्हणजे वारा. चिनी परंपरा अशी, की फार पूर्वी राजे आपली माणसं गावोगाव पाठवून लोकांची गाणी गोळा करायचे, म्हणजे प्रजा सुखात आहे की नाही ते कळायचं, आणि त्या गाण्यांना वारा म्हणायचे. त्यांच्या सर्वात जुन्या काव्यसंग्रहात ३०५ रचना आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त या 'वाऱ्या'च्या. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचं काम हा पोरगा पुन्हा करत होता, फक्त याला पाठवणारा राजा नव्हता आणि मागून शत्रू येत होता.

आणि त्या ७७१ मधली ६४० प्रेमगीतं आहेत! जपानविरोधी गाणी फक्त २०. हे कळल्यावर मी कितीतरी वेळ त्याच आकड्यावर अडकले होते. देश जळतोय, आणि त्याने लोकांना वीररसाची गाणी मागितली नाहीत. जे ओठावर होतं ते घेतलं.

कुनमिंगचे पहिले दीड दिवस असेच गेले. राइस नूडल्स चांगल्या, गर्दी भयंकर, दगडी जंगल, म्हणजे इथले ते प्रसिद्ध दगडी सुळके, बघायला गेले नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी लियनदाला गेले. तिन्ही विद्यापीठांचं मिळून कुनमिंगला जे झालं त्याला सगळे लियनदा म्हणतात, १९४६ पर्यंत चाललं, पुढे ज्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते यांग चन-निंग आणि ली चंग-ताओ इथलेच. जुनी जागा आता दुसऱ्या विद्यापीठाच्या आवारात आहे. तिथे त्या वेळचा एकच वर्ग उरलाय, मातीच्या भिंती आणि वर पत्रा. आत लाकडी खुर्च्या, उजव्या हाताला लिहायला फळी. मी भिंतीला हात लावला, लावायचा नसणार, पण लावला. आमच्या गावच्या घराची भिंत अशीच आहे, आत पेंढा दिसतो. शेजारी एक शाळेची ट्रिप आली होती, पन्नास पोरं आणि गाइडच्या गळ्यात माइक, त्यामुळे शांतपणे उभं राहणं अशक्य झालं आणि मी बाहेर दगडी स्मारकापाशी आले. त्याच्या मागच्या बाजूला सैन्यात गेलेल्या आठशेवर विद्यार्थ्यांची नावं आहेत. वाचता येत नाहीत, पण एकेक ओळीवरून बोट फिरवत गेले. वन यीत्वोंना जुलै १९४६ मध्ये कुनमिंगमध्येच भर रस्त्यात गोळ्या घातल्या, मित्राच्या शोकसभेत सरकारविरुद्ध बोलून आले होते त्याच दिवशी. विजय झाला, दाढी काढली, आणि वर्षाच्या आत हे.

तिथून चालत छुईहू तळ्यावर गेले, कारण पाय दुखत होते आणि बसायचं होतं. आणि खरं म्हणजे ही पोस्ट मी या पुढच्या एका तासासाठी लिहितेय.

तळ्याकाठी बागेत म्हातारी माणसं गटागटाने गात असतात. एका झाडाखाली एक आजी आणि एक आजोबा सवाल-जवाब गात होते, तो एक कडवं म्हणणार, ती उलटून दुसरं, आणि भोवतीचे लोक हसून माना हलवणार. आजींच्या हातात घडीचा पंखा, तो त्या मांडीवर मारून ताल धरत होत्या. चार ओळींचं एक कडवं. मला वाटलं, ल्यूने केलं ते आपण एका गाण्यापुरतं करून बघू. वही काढली. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपने 'बदक विमा' असं काहीतरी सांगितलं, ते बंद केलं. शेजारी कॉलेजची एक मुलगी बसली होती, तिला बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं, तिने माझ्या वतीने आजींना विचारलं की हे कडवं हळू सांगाल का, ही लिहून घेतेय.

आजी बसल्या माझ्याजवळ. पहिली ओळ बोलल्या, दुसरी बोलल्या, आणि थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच थांबल्या. मग वैतागून त्या मुलीला काहीतरी म्हणाल्या, ती म्हणाली, त्या म्हणतायत नुसतं बोलून येत नाही, गायलंच पाहिजे. आणि पंखा मांडीवर आपटून त्यांनी अख्खं कडवं एका दमात गायलं. मी देवनागरीत जमेल तसं उतरवलं. पाच वेळा गाऊन घेतलं त्यांच्याकडून. अर्थ साधारण असा की डोंगराच्या त्या बाजूला पाऊस पडतोय, या बाजूला नाही, आणि तुझी छत्री माझ्याकडे राहिलीय. आजींनी माझी वही हातात घेतली, उलटी-सुलटी करून बघितली, आमची अक्षरं बघून त्यांना गंमत वाटली, आणि वर धरलेल्या ओळीवर बोट ठेवून मला म्हणाल्या, वाच. मी वाचलं. झाडाखालचे सगळे हसले, पण आजी हसल्या नाहीत, एक शब्द चुकला होता तो त्यांनी दुरुस्त करायला लावला.

चार ओळींना पाऊण तास लागला मला. बसून, पोटभर जेवलेली असताना, मदतीला एक मुलगी असताना. तो दिवसभर चालून दोन हजार गाणी लिहीत गेला.

आता जे सांगायचंय ते सांगते. माझी आजी, आईची आई, २०१६ मध्ये गेली. तिला किती ओव्या यायच्या त्याची गणती नव्हती, आणि शेवटची दोन वर्षं ती आमच्याकडेच होती, माझ्या खोलीत, आणि माझ्याकडे रेकॉर्डिंग होणारा फोन होता. मी एकही ओवी घेतली नाही. ती गुणगुणायला लागली की मी कानात इअरफोन घालायचे, कारण मला अभ्यास होता. कुठलं युद्ध नव्हतं, कोणी मागे लागलं नव्हतं. मला तळ्याकाठी बसून रडू आलं आणि ती मुलगी घाबरली, तिला वाटलं आजी काही बोलल्या.

त्या रात्री हॉटेलवरून मावशीला व्हिडिओ कॉल केला. मावशी साताऱ्याजवळ गावात असते. म्हटलं, मावशी, आजीच्या ओव्या सांग, मी लिहून घेते. म्हणाली, अगं आत्ता? जेवलीस का? मग आठवायला लागली. 'काळी घोंगडी खांद्यावर, बंधू निघाला रानात' इतकं म्हणाली आणि अडली. पुन्हा म्हणाली, पुन्हा तिथेच. 'असं बसून नाही गं येत. जात्यावर बसलं, हात फिरायला लागला, की आपोआप येतं.' जातं आता माडीवर, त्यावर जुन्या गाद्या रचलेल्या.

मी म्हटलं, मावशी, हात तर फिरव.

तिने फोन डब्याला टेकवून ठेवला, ओट्यावर पालथी मूठ ठेवली, खुंटा धरल्यासारखी, आणि गोल फिरवायला लागली. मी वही उघडून बसले.