नॉम पेन्हच्या कोर्टातला पडदा

गेले काही दिवस रात्री जेवणं आटोपली की कंबोडियातल्या खमेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या नेत्यांवरच्या खटल्याचे जुने व्हिडिओ बघत बसतेय, आणि झोपायला गेलं तरी ते डोक्यातून जात नाहीत.

त्या कोर्टात चक्क पडदा होता. लोकांना बसायला जवळजवळ 500 खुर्च्या, समोर काचेची भिंत, काचेमागे पडदा, आणि तो सरकला की न्यायाधीश, वकील, आरोपी सगळे स्टेजवर असल्यासारखे दिसायचे. गावोगावची माणसं बस भरभरून यायची, हेडफोन लावून ऐकत बसायची. हे नाटकच झालं की, असं कुणी म्हणेल. हो, झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं असं मला वाटतं, कारण 1975 ते 79 मध्ये त्या राजवटीत साधारण 17 लाख माणसं गेली, घराघरातून कुणी ना कुणी गेलं, मग न्याय काय बंद खोलीत फायलींवर करायचा? लोकांना तो डोळ्यांनी दिसायला नको?

पण नाटका-नाटकात फरक असतो. ऑगस्ट 1979 मध्ये याच शहरात खमेर रूजचे बडे नेते पोल पॉट आणि इएंग सारी यांच्यावर खटला चालला होता, तोही चाक्तोमुक हॉलमध्ये, म्हणजे खरोखरच्या नाट्यगृहात. दोघंही गैरहजर, पाच दिवसांत फाशीची शिक्षा, आणि बचावाचा वकीलच सांगतोय की आपले अशील गुन्हेगार आहेत. साक्ष देणाऱ्यांचं दुःख मात्र शंभर टक्के खरं होतं. इतकं खरं दुःख आधीच ठरलेल्या निकालासाठी वापरलं गेलं, याचा मला फार त्रास होतो.

2009 मध्ये या पडद्याच्या कोर्टात आरोपी म्हणून डुच समोर बसला होता. एकेकाळचा गणिताचा मास्तर, नंतर एस-21 तुरुंगाचा प्रमुख, तिथे 12 हजारांहून जास्त लोकांना डांबून संपवलं. त्यातून वाचलेल्या मोजक्या लोकांपैकी चित्रकार बू मेंग साक्षीला आले आणि त्यांनी विचारलं, माझ्या बायकोला कुठे मारलं, एस-21 मध्येच की चोएंग एकला, म्हणजे शहराबाहेरच्या त्या वधस्थळी? त्यांना तिथली माती आणून तिच्यासाठी प्रार्थना करायची होती. डुच म्हणाला की ते काम हाताखालच्यांनी केलं, नक्की नाही सांगता येत, पण बहुधा चोएंग एक.

पुढे 35 वर्षं शिक्षा, मग 2012 मध्ये अपिलात जन्मठेप, ते सगळं झालं. मी मात्र त्या ‘बहुधा’पाशीच अडकलेय. 1979 च्या त्या हॉलमध्ये हे विचारायला समोर कुणी नव्हतंच.