आमची वाटचाल : एका सेशनमध्ये ३८ क्लिपा

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या स्टुडिओचा सुरुवातीला चित्राशी संबंधच नव्हता. भजनी मंडळांची रेकॉर्डिंग आणि निवडणुकीत रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती, एवढ्यावर आम्ही दोघा भावांनी पाच-सहा वर्षं स्टुडिओ चालवला.

व्हिडिओचं काम आलं ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीमुळे. नव्या कामगारांसाठी त्यांनी ३८ छोट्या फिल्म शूट केल्या होत्या. साचा कसा भरायचा, वितळलेलं लोखंड ओतताना कुठं उभं राहायचं, असे विषय. निवेदन मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये हवं होतं, कारण निपाणीकडून येणारी बरीच मुलं त्यांच्याकडं कामाला होती.

आम्ही प्रत्येक क्लिपसाठी आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळं सेशन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधली कामाची वेगळी फाइल, उघडलं. झाली ११४ सेशन. सोमवारचा आवाज आणि गुरुवारचा आवाज एकाच माणसाचा वाटेना. माइकपासूनचं अंतर, लेव्हल, ईक्यू (आवाजातल्या जाड-बारीक सुरांचा तोल), सगळंच दर वेळी थोडं हललेलं. फाउंड्रीनं काम परत पाठवलं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

मग पहिल्यापासून मांडलं. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ क्लिप ऑडिओसारखीच टाइमलाइनवर ठेवता येते. ६० दिवस वापरून बघता येतं आणि छोट्या धंद्याला लायसन्स ६० डॉलरला मिळतं, म्हणून ते घेतलं. सिनेमात पहिलं रील १ तासाच्या टाइमकोडवर (टाइमलाइनवरच्या घड्याळाच्या आकड्यावर), दुसरं २ तासांच्या टाइमकोडवर सुरू करतात. तीच पद्धत आम्ही पाच मिनिटांवर आणली. सातवी क्लिप पस्तिसाव्या मिनिटाला, बाविसावी एकशेदहाव्या मिनिटाला. नंबर कळला की जागा कळली. खाली तीन भाषांचे तीन ट्रॅक, प्रत्येकाला एकच ईक्यू, एकच कॉम्प्रेसर (आवाजाचा चढ-उतार आवरणारा). प्रत्येक क्लिपवर तिच्या नावाचा रीजन, म्हणजे सुरुवात-शेवट दाखवणारा पट्टा, टाकला, की शेवटी सगळ्या फायली आपापल्या नावानं एकदमच बाहेर पडतात.

काही क्लिपा सुपरवायझरनं मोबाइलवर काढलेल्या होत्या. त्यांत आवाज हळूहळू मागं पडायचा. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) कमी-जास्त करतो, आणि फाउंड्रीत तर क्षणात अंधार, क्षणात जाळ. आता अशी क्लिप आधी सेकंदाला ठाम २५ फ्रेमवर आणि आवाज ४८ किलोहर्ट्झवर बदलून घेतो, मगच सेशनमध्ये घालतो. शिवाय एच.२६४ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत पूर्ण चित्र अधूनमधूनच असतं, मधे फक्त झालेले बदल साठवलेले असतात. मागं-पुढं केलं की कॉम्प्युटर अडखळतो. प्रत्येक फ्रेम पूर्ण असलेली हलकी प्रत करून घेतली की ३८ क्लिपा एकत्र असूनही काम सरळ चालतं.

खरा धडा बाविसाव्या क्लिपनं दिला. एडिटरनं ती सुधारून त्याच नावानं पुन्हा पाठवली आणि मी जुनीच्या जागी बसवून टाकली. तिच्यात चाळिसाव्या सेकंदाला १४ फ्रेम कापलेल्या होत्या. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक. पडद्यावरचा माणूस मागं सरकायचा आणि त्यानंतर आमचा निवेदक म्हणायचा, ‘आता मागं सरका.’ लेडलमधून, म्हणजे वितळलेल्या धातूच्या मोठ्या भांड्यातून, लोखंड ओतण्याची ती फिल्म होती. फाउंड्रीच्या सेफ्टी ऑफिसरनं ती वेळीच थांबवली. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण हे बघून शिकणारा मुलगा उद्या खऱ्या लेडलजवळ उभा राहणार होता.

तेव्हापासून जुनी क्लिप आम्ही काढत नाही. नवी तिच्या खालच्या ट्रॅकवर, अगदी त्याच जागी ठेवतो. दोन्हींचा मूळ आवाज एकत्र लावायचा आणि एकाचा फेज उलटा करायचा, म्हणजे सारखे आवाज एकमेकांना खोडून टाकतात. जिथपर्यंत दोन्ही सारख्या, तिथपर्यंत जवळजवळ शांतता. जिथं काप आहे, तिथून एकदम गलका सुरू होतो. भाऊ डोळे मिटून बसतो आणि बोटानं जागा दाखवतो. मग त्या जागेपासून पुढं तिन्ही भाषांची निवेदनं एकदम सरकवायची आणि क्लिप पुन्हा पूर्ण बघायची, तीनदा, प्रत्येक भाषेत एकदा.

कन्नड निवेदन करणाऱ्या ताई निपाणीहून एसटीनं येतात. पूर्वी त्यांना आठवड्यात चार फेऱ्या पडायच्या, आता लागोपाठ दोन दिवसांत सगळ्या क्लिपा होतात आणि आवाजही एकसारखा राहतो.

त्याच फाउंड्रीच्या दुसऱ्या युनिटचं काम सध्या टेबलावर आहे. ६१ क्लिपा आहेत, काही सात मिनिटांच्या. पाच मिनिटांची खूण पुरत नाही, म्हणून या वेळी मांडणी दहा मिनिटांवर केली आहे.