क्लेम कुठे उभा राहायचा

खेळाडूच्या मागे धावा उरतात, विक्रम उरतात. अंपायरच्या मागे काय उरणार? बेसबॉलचा अंपायर बिल क्लेम याच्या मागे एक जागा उरली. बॅटर आणि त्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा कॅचर यांच्यामधली, जेमतेम डोकं मावेल एवढी.

क्लेम १९०५ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगपैकी नॅशनल लीगमध्ये आला आणि १९४१ पर्यंत टिकला. त्याने १८ वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकांमध्ये) काम केलं, तेवढ्या दुसऱ्या कुणाच्याच खात्यावर नाहीत. पण त्याची खरी करामत होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरशेजारी जमिनीत बसवलेल्या पाटीच्या, मागे दिसायची.

क्रिकेटमध्ये अंपायर गोलंदाजाच्या टोकाला उभा राहतो, चेंडू त्याच्यापासून लांब जातो. इथे तो कॅचरच्या पाठीशी वाकलेला, आणि चेंडू सरळ तोंडावर येतो. ताशी ९० मैलांच्या चेंडूला प्लेट गाठायला साधारण ०.४ सेकंद लागतात. प्लेटची रुंदी १७ इंच. चेंडूची नुसती कड वरून गेली तरी स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या विरोधात मोजला जाणारा चेंडू, होऊ शकतो. उंचीला तर कुठेच खूण नाही, ती समोरच्या बॅटरच्या अंगावरच मापायची.

त्या काळी अनेक अंपायर छातीसमोर भलीमोठी फुगीर ढाल धरत. ढाल घेऊन नीट वाकता येत नाही, मग कॅचरच्या डोक्यावरून बघावं लागतं आणि खालच्या कडेचा चेंडू नीट दिसत नाही. क्लेमने कोटाच्या आत घालायचं कवच रूढ केलं. डोकं खाली आणता आलं, बाजूला सरकवता आलं. नॅशनल लीगने हीच पद्धत उचलली. अमेरिकन लीग मात्र ढालीला चिकटून राहिली, नव्या अंपायरांसाठी ती थेट १९७७ साली बंद झाली. नियमाचं पुस्तक जवळपास सारखंच, तरी एका लीगमध्ये खालचे स्ट्राइक मिळायचे आणि दुसरीत वरचे. यात खेळाडूंचं कर्तृत्व शून्य, सगळा महिमा कवचाचा.

ही जागा घ्यायची कशी? उजव्या हाताचा बॅटर असेल तर कॅचरच्या डाव्या खांद्यावरून बघायचं, डावखुरा असेल तर उजव्या. हनुवटी साधारण कॅचरच्या डोक्याच्या उंचीला, पाय खांद्यांपेक्षा फाकलेले. चेंडू टाकणाऱ्या पिचरने हात उचलला की डोकं गोठवायचं आणि चेंडूमागे फक्त डोळे फिरवायचे. चेंडू कॅचरच्या मिटमध्ये (जाड हातमोज्यात) शिरला की क्षणभर थांबून मगच बोलायचं. घाई करणारा फसतो तो शेवटच्या क्षणी वळणाऱ्या चेंडूवर. कॅचर बॅटरकडे सरकला की फट बुजते. अशा वेळी बाहेरच्या बाजूला पळू नये, त्याच जागी थोडं उंच व्हावं. आणि मिट शेवटी कुठे थांबला हे बघू नये, कारण कॅचर तो हळूच आत ओढून घेतो. लबाडी खरी, पण कलेची.

निर्णय सांगणाऱ्या हाताच्या खुणांचं श्रेयही काहीजण क्लेमला देतात, पण त्यावर इतरांचेही दावे आहेत, तेव्हा तो भाग सोडून द्यावा. १९५३ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, पहिले दोन अंपायर घेतले गेले, हा आणि अमेरिकन लीगचा टॉम कॉनोली. क्लेम दोन वर्षांपूर्वीच, १९५१ मध्ये गेला होता.

वाद अंगावर आला की क्लेम बुटाच्या टोकाने मातीत रेघ ओढायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचा. रेघ ओलांडली की खेळाडू मैदानाबाहेर. चेहऱ्यावरून त्याला 'कॅटफिश' म्हणत आणि त्या नावाचा त्याला भयंकर राग होता. रेघेपर्यंत आलेल्याला निदान मागे फिरायची संधी होती. 'कॅटफिश' म्हणणाऱ्याने सरळ कपडे बदलायला जायचं.