फाइल जाड, कान ओला

मुलगा आठ वर्षांचा. त्याच्या नावावर संगणकात सहा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचे आलेख, होते, सहा वेगवेगळ्या लोकांनी केलेले. मी ते बारकाईने पाहिले, एकातही खोट काढता आली नाही. प्रत्येकाखाली शब्द थोडे इकडेतिकडे करून तोच शेरा: दोन्ही कान वाहतात, पडद्याला भोक असावे, पू असल्याने नीट दिसले नाही, ईएनटीकडे पाठवावे. पहिला शेरा तो तीन वर्षांचा असतानाचा.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारी. शिकले बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत, आता ऑस्ट्रेलियाच्या मधोमध ॲलिस स्प्रिंग्जला असते आणि आसपासच्या ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्त्यांवर फेऱ्या करते. इथे ‘आसपास’ म्हणजे काही शे किलोमीटर, त्यातला बराच रस्ता लाल मातीचा. ही वस्ती वळ्पिरी लोकांची. नाव देत नाही, कारण गाव एवढं छोटं की नाव दिलं की मुलगा कोण ते कळलंच.

कानाचं दुखणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रात्रभर रडणारं मूल येतं. इथे बहुतेकदा तसं होत नाही. दोन-तीन खोल्यांच्या घरात बारा-पंधरा माणसं असली की सर्दीचे जंतू बाळाच्या नाकात जन्मानंतर काही आठवड्यांतच मुक्काम करतात. पडद्यामागे पाणी साचतं, पडदा फुगतो, फुटतो, आणि बाळ तक्रार न करता दूध पीत राहतं. दुर्गम वस्त्यांतल्या लहानग्या मुलांची 2001 साली पाहणी झाली तेव्हा दहातल्या नऊ मुलांच्या कानात काही ना काही सापडलं होतं. चार टक्क्यांहून जास्त मुलांचे कान असे सतत वाहत असले तर त्या भागात तातडीने हात घालायला हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथले आकडे त्याच्या कितीतरी पट आहेत. तरीही शहरात जेवायच्या टेबलावर कुणीतरी म्हणतंच, “पण त्या आयांना कळत नाही का?” मूल रडतच नाही, तर आईला कळणार कसं? या प्रश्नावर मी हल्ली वाद घालत नाही, भाजी वाढून घेते.

तपासणीची खोली म्हणजे शाळेचं खेळाच्या सामानाचं कोठार. एसी चालू ठेवला तर आवाज नडतो, बंद केला तर बाहेर एक्केचाळीस अंश. एसी बंदच ठेवला. कुत्र्यांवर इलाज नाही, भुंकणं थांबलं की सूर द्यायचा.

आता मास्किंगबद्दल थोडं सांगते, कारण त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटत होता. एका कानाची तपासणी करताना दुसरा कान मदतीला धावू नये म्हणून त्यात खळखळाट सोडतात. दोन्ही कान बाहेरून बंद असतील तर तो खळखळाट मोठा करावा लागतो, आणि मोठा केला की तो कवटीतून फिरून तपासायच्याच कानात पोचतो. मग समोरची रेघ नक्की कुठल्या कानाची, ते कळेनासं होतं. आत सारायचे छोटे इयरफोन वापरले तर हा पेच बराच सुटतो, पण पू वाहणाऱ्या कानात ते घालायचे नसतात. मी जुन्या पद्धतीच्या हेडफोनवर पाच-पाच डेसिबलच्या पायऱ्यांनी, कुत्री सांभाळत, मुलाला हसवत, दोन्ही कानांचा आलेख काढला. हवेतून, म्हणजे कानावाटे, दिलेला सूर सरासरी चाळीस-पंचेचाळीस डेसिबलला ऐकू आला, कवटीच्या हाडातून दिलेला पाचलाच. म्हणजे आतलं यंत्र शाबूत, फक्त दार बंद. नोकरीच्या मुलाखतीत दाखवावा असा आलेख. मुलाला त्याचा उपयोग शून्य, कारण आधीचे सहाही हेच सांगत होते.

शब्दांची चाचणीही केली. आमच्या चित्रांच्या पुस्तकात फिश, शूज, स्पून. मुलाच्या भाषेत स नाही, श नाही, फ नाही, तेव्हा चुकलं ते कानामुळे की भाषेमुळे हे कोण सांगणार? म्हणून वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीने त्याच्या पाठीमागे उभं राहून वळ्पिरी शब्द म्हटले. मीही दोन-चार म्हणून पाहिले. ट, ण, ळ मला सहज जमतात, माझ्या मेलबर्नच्या सहकाऱ्याला जन्मात जमायचे नाहीत. पण स्वर हास्यास्पद आहेत, असा निकाल मिळाला.

या बाईंना सगळी वस्ती आंटी म्हणते. मी मनातल्या मनात मावशी म्हणते. पन्नाशी उलटलेल्या, बोलणं मोजकं. वस्तीतल्या प्रत्येक मुलाचा कुठला कान कधीपासून वाहतो ते त्यांना तोंडपाठ, आणि आमच्या संगणकापेक्षा ते जास्त अचूक असतं.

मुलाला आणलं होतं आजीने. आजी भिंतीकडे बघत बसली होती. इथे डोळ्याला डोळा न भिडवणं ही रीत आहे, नवे लोक तिला बेफिकिरी समजतात. मी आलेख दाखवून समजावायला लागले तेव्हा ती मावशींना काहीतरी म्हणाली. मावशींनी जरा थांबून सांगितलं, “ती विचारते, तुम्ही लोक किती वेळा बघणार?”

मी म्हटलं, ऑपरेशनच्या यादीत नाव आहे. मावशी म्हणाल्या, “माहीत आहे तिला. दोनदा गेली होती.”

मग फाइल पुन्हा उघडून ती गोष्ट जुळवली. पहिल्या वेळी आजी नातवाला घेऊन बसने ॲलिसला गेली. कान ओला होता म्हणून पडदा शिवायचं पुढे ढकललं. पुढची तारीख आली तेव्हा वस्तीत मयत झाली होती. अशा वेळी इथे सगळे व्यवहार थांबतात. फाइलमध्ये त्याची नोंद ‘रुग्ण आला नाही’ एवढीच. तिसऱ्या वेळी ऑडिओग्राम सहा महिन्यांहून जुना झाला म्हणून नवा मागवला. नवा काढायला नवीन माणूस आला, तोवर कान पुन्हा ओला. शस्त्रक्रियेला दोन गोष्टी लागतात, ताजा ऑडिओग्राम आणि कोरडा कान. पहिल्यासाठी सरकार विमान पाठवतं. दुसऱ्यासाठी रोज कुणीतरी कान पुसायला हवा, आणि त्यासाठी इथे फक्त मावशी आहेत, अर्ध्या दिवसाच्या करारावर, तोही 30 जूनपर्यंत.

त्यानंतरचा तासभर मी माझी यंत्रं बाजूला ठेवली. मावशींनी टिश्यूचा कागद घेतला, त्याची टोकदार वात वळली, मुलाचा कान मागे-वर ओढून ती अलगद आत सारली आणि तशीच राहू दिली. बाहेर आली ती पिवळी, चिकट. दुसरी वात, तिसरी, चौथी. घाई नाही. वात कोरडी निघेपर्यंत थेंब घालायचे नाहीत, नाहीतर औषध पुवावरच तरंगतं आणि आईला वाटतं की औषधाने गुण येत नाही. वाती वळायचं माझं शिक्षण घरीच झालेलं, त्यामुळे मावशींची शाबासकी मिळवलेली मी बहुधा पहिलीच ऑडिओलॉजिस्ट.

मग सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब. ते घालून कानासमोरचा कूर्चेचा छोटा उंचवटा बोटाने दाबत राहायचा, दाब-सोड, दाब-सोड. मावशी तेव्हा कानाकडे बघत नव्हत्या, मुलाच्या तोंडाकडे बघत होत्या. काही वेळाने त्याने तोंड वेडंवाकडं केलं. “कडू,” त्या म्हणाल्या, “पोचलं.” थेंब भोकातून आत गेले, नळीतून घशात उतरले, तेव्हा जिभेला कडू लागलं. औषध पोचल्याची याहून स्वस्त आणि खात्रीची खूण मला कुठल्या पुस्तकात भेटली नव्हती. दुसरा कान आजीने केला, मावशींनी फक्त तिचा हात धरून कोन दाखवला.

कान कोरडा झाल्यावर मी पुन्हा दुर्बिणीतून पाहिलं. पडदा दिसला. मधोमध भोक, निम्मा पडदा गेलेला, कडा स्वच्छ. ईएनटीवाल्यांना आवडेल असं भोक.

मग हाडातून ऐकवणारं यंत्र कपाळपट्टीवर लावून पाहिलं. वाहत्या कानात नेहमीच्या श्रवणयंत्राचा साचा बसवता येत नाही, म्हणून हाच मार्ग. मी आवाज जुळवत होते तोच मुलगा एकदम दाराकडे वळून जोरात ओरडला. बाहेर त्याचे भाऊबंद दबक्या आवाजात त्याची टर उडवत होते, ते त्याला ऐकू आलं होतं. मावशी पोट धरधरून हसल्या. तो काय म्हणाला ते त्यांनी सांगायचं साफ नाकारलं.

पट्टी घरी न्यायला मात्र तो तयार नाही. लाज. ‘शेम’ म्हणतात इथे, आणि त्यापुढे कुणी जबरदस्ती करत नाही. शाळेत ठेवा म्हटलं तर बाई नवीन, वर्षभरात जाणाऱ्या. त्यांनी मुलाबद्दल ‘सांगितलेलं ऐकत नाही’ असं लेखी कळवलेलं. वर्गात पूर्वी बसवलेली ध्वनिवर्धक यंत्रणा आहे, तिचा माईक कपाटात. बॅटरी कधी संपली ते शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. बॅटरी बदलली, माईक बाईंच्या गळ्यात अडकवला. बोलताना फळ्याकडे तोंड करू नका हेही सांगितलं, जरा चढ्या आवाजातच.

परत येऊन अहवाल लिहिला. शिफारशींना रकाने आहेत: ईएनटी, श्रवणयंत्र, वाचा-भाषा, पुनर्तपासणी. रोज कान कोण पुसणार, याला रकाना नाही. म्हणून ‘इतर’मध्ये लिहिलं की या मुलाचं ऑपरेशन व्हायला हवं असेल तर आरोग्य कार्यकर्तीचा करार पूर्ण वेळ आणि निदान तीन वर्षांचा करा. वरून उत्तर आलं की मनुष्यबळाचे मुद्दे क्लिनिकल अहवालात नकोत.

सहकारी म्हणतो, जपून. कॅनबेराला, म्हणजे केंद्र सरकारला, मोजता येतात ते तपासलेले कान. तपासण्या कमी दाखवल्यास तर विमानही बंद होईल, मग तो ताजा ऑडिओग्राम कुठून आणशील? त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण पश्चिम ऑस्ट्रेलियात जिगालाँग आणि बरिंगुरा या वस्त्यांत क्लोरीनचा पोहण्याचा तलाव बांधल्यावर मुलांच्या पडद्यांची भोकं कमी झाली, हे 2003 साली छापून आलंय. तलावाने एकही ऑडिओग्राम काढला नव्हता. इथेही तलाव आहे, पंप बिघडलाय.

पुढच्या फेरीचा पहिला दिवस मी तपासणीशिवाय मागितला आहे. त्या दिवशी फक्त वाती, थेंब, आया आणि आज्या. अजून मंजूर नाही, नामंजूरही नाही. मावशींचा निरोप आला: उजवा कोरडा, डावा अजून नाही. दिवसातून दोनदा पोरगा बसतो, तिसऱ्या वेळी पळतो. थेंबांची बाटली संपत आली आहे, नवी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि डॉक्टर पुढच्या गुरुवारी येणार.