कार्ड धरतं २०४८, बफर १५३६चे: ई-१००० ड्रायव्हरची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत मी स्वतः लिहीत असलेल्या कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) पहिल्यांदा पिंगला उत्तर दिलं होतं. पुढचे तीन आठवडे लिहिण्यासारखं काही हाती नव्हतं, कारण मोठ्या फ्रेम (नेटवर्कवरून येणारे डेटाचे गठ्ठे) घ्यायला गेलो आणि एआरपीचा तक्ता, म्हणजे कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक (कार्डाचा) पत्ता कोणता याची यादी, आपोआप बिघडायला लागला. काल रात्री दीड वाजता कारण सापडलं. तुमच्यापैकी जे कोणी नेटवर्क ड्रायव्हर लिहीत असतील त्यांच्यासाठी सगळं सविस्तर मांडतो.

मांडणी अशी. क्यूएमू या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधलं ई-१००० नेटवर्क कार्ड, म्हणजे इंटेलच्या ८२५४०ईएम चिपची नक्कल. रिसीव्ह रिंगमध्ये, म्हणजे येणाऱ्या फ्रेमसाठीच्या गोल रांगेत, ३२ डिस्क्रिप्टर (कार्डासाठीच्या छोट्या नोंदी), प्रत्येकाला एक बफर. सगळे बफर एकाच स्थिर अ‍ॅरेत एकमेकांना खेटून, प्रत्येकी १५३६ बाइटचे. इथरनेटची साधी फ्रेम जास्तीत जास्त १५१८ बाइट, व्हीलॅनचा टॅग धरला तर १५२२. म्हणून १५३६ पुरेसे आहेत असा माझा हिशेब होता. अ‍ॅरे संपतो तिथूनच लिंकरने एआरपीचा तक्ता ठेवला होता.

मोठ्या फ्रेमसाठी कार्डाच्या आरसीटीएल (रिसीव्ह नियंत्रण) रजिस्टरमधला एलपीई (लांब पॅकेट घ्यायचा) बिट चालू केला, होस्टच्या टॅप (आभासी नेटवर्क) इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, ४००० केला आणि ३००० बाइटचा पिंग सोडला. आयसीएमपीचा (पिंग ज्यातून जातो त्या प्रोटोकॉलचा) चेकसम काही केल्या जुळेना. माझा संशय एका फ्रेमचे अनेक बफरांत आलेले तुकडे जोडणाऱ्या कोडवर गेला आणि त्यात दोन रात्री गेल्या. मग कधी पाच मिनिटांनी, कधी पंधरा मिनिटांनी लहान पिंगही बंद पडायचा. तेव्हा एआरपीचा तक्ता छापून पाहिला. सातव्या ओळीत आयपी पत्ता होता ६०.६१.६२.६३ आणि मॅक पत्ता ४०:४१:४२:४३:४४:४५. आठवीत ७६.७७.७८.७९ आणि ५०:५१:५२:५३:५४:५५. असे पत्ते माझ्या नेटवर्कवर नाहीत.

ही चढती रांग ओळखीची वाटली. लिनक्सचा पिंग डेटा भरताना प्रत्येक बाइट मागच्यापेक्षा एकाने वाढवतो आणि २५५नंतर पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे पॅकेटच तक्त्यावर सांडलं होतं. मग वही घेऊन बसलो. मॅक पत्त्यातला पहिला बाइट हेक्स ४०, म्हणजे दशमान ६४. पिंगच्या डेटात ६४ हा आकडा ६४, ३२०, ५७६ असा दर २५६ बाइटनी येतो. त्यातला एक १६००व्या ठिकाणी. त्यात इथरनेट, आयपी आणि आयसीएमपीच्या हेडरचे ४२ बाइट मिळवले की फ्रेमच्या सुरुवातीपासून १६४२. वजा १५३६, उरले १०६. तक्त्याची एक ओळ १६ बाइटची आणि मॅक पत्ता ओळीत (शून्यापासून मोजून) दहाव्या बाइटपासून. सहा ओळी म्हणजे ९६, अधिक १०, बरोबर १०६. हिशेब एका बाइटानेही चुकला नाही, तेव्हा खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

मूळ असं आहे: ई-१०००च्या साध्या रिसीव्ह डिस्क्रिप्टरमध्ये बफरचा पत्ता असतो, पण बफर केवढा आहे हे सांगायला जागाच नसते. त्यातलं लांबीचं खानं कार्ड भरतं, आपण नाही. कार्डाला आकार कळतो तो फक्त आरसीटीएलच्या दोन बिटांवरून. ते मी शून्य ठेवले होते, आणि शून्याचा अर्थ २०४८. म्हणजे प्रत्येक बफरमागे ५१२ बाइट परक्या जागेत लिहायची परवानगी मीच दिली होती. एलपीई बंद असेपर्यंत कार्ड १५२२च्या वरची फ्रेम टाकून द्यायचं, त्यामुळे चूक झाकून राहिली.

मग ती अधूनमधूनच का दिसायची? ३००० बाइटच्या पिंगची फ्रेम ३०४२ बाइटची, तिचे तुकडे दोन: २०४८ आणि ९९४. पहिल्याचे शेवटचे ५१२ बाइट शेजारच्या बफरात सांडायचे आणि लगेच दुसरा तुकडा तिथेच येऊन बसायचा. सांडलेलं पुसलं जायचं, फक्त चेकसम बिघडायचा. रिंगमधल्या जागा सम, एका पिंगला लागतात दोन, म्हणून शेवटच्या बफरात नेहमी लहान तुकडाच यायचा. मधे एखादी एआरपीची एका डिस्क्रिप्टरची फ्रेम आली की जोड्या एकाने सरकायच्या, शेवटच्या बफरात मोठा तुकडा पडायचा आणि तक्ता जायचा.

पेज टेबल (मेमरीच्या पानांचे पत्ते आणि परवानग्या ठेवणारा प्रोसेसरचा तक्ता) इथे कामाला येत नाही, हे मला नीट उमगलं नव्हतं. डीएमए, म्हणजे कार्डाने स्वतःच मेमरीत लिहिणं, प्रोसेसरच्या पेज टेबलमधून जात नाही. बफरमागे गार्ड पेज (हात लावला की फॉल्ट देणारं बंद पान) ठेवलं तरी कार्ड थेट भौतिक पत्त्यावर लिहितं, फॉल्ट येतच नाही.

आता बफरचा आकार एकाच ठिकाणी लिहिलेला आहे. अ‍ॅरे त्याच्यावरून ठरतो, आरसीटीएलचे बिटही त्याच्यावरूनच काढले जातात. २५६, ५१२, १०२४, २०४८ आणि विस्तार-बिटासह ४०९६, ८१९२, १६३८४ यांच्याखेरीज दुसरा आकडा दिला तर कंपाइलच होत नाही. प्रत्येक बफरमागे ६४ बाइटची राखीव पट्टी हेक्स ९९ने भरली आहे आणि डिस्क्रिप्टर कार्डाला परत देण्याआधी ती तपासतो. कंपाइलची ती अट तेवढ्यापुरती काढून मुद्दाम जुना १५३६ पुन्हा घालून पाहिला: पहिल्याच मोठ्या पिंगला पट्टी फुटली आणि कर्नल थांबला.

एलपीई पुन्हा बंद करून मोकळं व्हावं असंही एकदा मनात आलं होतं. पण सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीतला सीव्हीई-२०१२-६०७५ पाहा. एलपीई आणि एसबीपी (खराब पॅकेटही ठेवून घ्यायचा बिट) दोन्ही बंद असताना क्यूएमूचं ई-१००० मोठी फ्रेम टाकून देत नव्हतं, आणि गेस्टची (क्यूएमूत चालणाऱ्या सिस्टिमची) मेमरी खराब होत होती. त्याआधी लिनक्सच्या आर-८१६९ (रिअलटेकच्या कार्डाच्या) ड्रायव्हरमध्ये, २.६.३०च्या आधीच्या कर्नलांत, लांब पॅकेटने कर्नलची मेमरी बिघडायची. कार्डाला सांगितलेली कमाल लांबी १६३८३ होती, बफर मात्र साध्या फ्रेमपुरते. माझ्याच चुकीची ही मोठी बहीण.

२००९मध्ये लिनक्सच्या ई-१००० ड्रायव्हरमध्ये लांबी उणे होण्याचा दोषही सापडला होता. सीआरसीचे, म्हणजे फ्रेमच्या टोकाला चुका पकडायला असणारे, ४ बाइट वजा करायचे आणि शेवटचा तुकडा त्याहून लहान असला की बेरीज-वजाबाकी उलटते. मी सीआरसी कार्डाकडूनच काढून घेतो, तरी लांबीची तपासणी घातली आहे.

आरटीएल-८१३९ या रिअलटेकच्या कार्डाचा माझा जुना ड्रायव्हरही उघडला. तिथे रॅप बिट चालू, म्हणजे रिंगच्या टोकाला आलेलं पॅकेट कार्ड न तोडता पुढे लिहीत जातं. जागा दिली होती ८१९२ अधिक १६. हवी होती आणखी किमान दीड किलोबाइट. हे कार्ड वापरणाऱ्यांनी आपापली बेरीज आजच पाहून घ्या.

पुढचं काम आयओएमएमयूचं, म्हणजे कार्डाने मेमरीत कुठे लिहायचं यावर बंधन घालणाऱ्या हार्डवेअरचं. त्याची राखण ४०९६ बाइटच्या पानाची, म्हणून ५१२ बाइटचं सांडणं त्याच पानात राहिलं तर तोही अडवणार नाही. त्यासाठी एका पानात एकच बफर ठेवून तो पानाच्या शेवटाला टेकवायचा आणि पुढचं पान कार्डासाठी बंद ठेवायचं, असं ठरवलंय. ३००० बाइटचा पिंग काल रात्रीपासून चालू आहे. मधे एआरपीच्या फ्रेम मुद्दाम सोडतोय, आणि पट्ट्या अजून ९९च आहेत.